बेया मावशीची फेसबुकवरची खिडकी

ऐन तुफ्फाह
५ एप्रिल २०१८

प्रिय आम्ना,

काल तुझा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मी तो उचलला नाही. फोनवर तू इतकी भराभर बोलतेस की ठेवल्यावर मी कशाकशाला हो म्हटलं तेच मला आठवत नाही. म्हणून हे पत्र. तिकीट लावलंय, वजन करून घेतलंय. सावकाश वाच आणि उत्तरही पत्रानेच पाठव.

तर, मी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिलेय. हसून झालं की पुढचं वाच.

आमच्या यादीत बारा जण आहेत, बाराही बिनपक्षाचे, आणि यादीत सगळ्यात वर माझं नाव. चिन्ह मिळालंय टपालपेटी. अर्ज फेब्रुवारीतच भरला होता, तुला मुद्दामच कळवलं नाही. तू आधी स्वतः घाबरली असतीस आणि मग मला घाबरवलं असतंस. आता नावं पक्की झालीत, तेव्हा त्याचा उपयोग नाही.

का उभी राहिले ते विचारशीलच. चौतीस वर्षं मी इथल्या टपाल कचेरीत खिडकी क्रमांक एकवर बसले. नगरपालिकेला जाणारी सगळी पत्रं माझ्या हातून गेली. गटार तुंबलं, दिवा गेला, कचऱ्याची गाडी आली नाही. लोक पोच मागून पत्रं टाकायचे. पोच मिळायची, उत्तर मिळायचं नाही. चौतीस वर्षांत एकदाच नगरपालिकेचं उत्तर आलं, तेही दुसऱ्या गावच्या माणसाला लिहिलेलं, चुकून इथे आलेलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण हे डोक्यातून जात नाही. त्या पत्रांना एकदा तरी उत्तर मिळालेलं मला बघायचंय.

समोरच्या यादीचा प्रमुख सी हेदी, लग्नाच्या हॉलवाला, मानाचं 'सी' लावल्याशिवाय ज्याला कोणी हाक मारत नाही. त्याचा एक व्हिडिओ फेसबुकवर आलाय. घारीसारखं काहीतरी आपल्या गावावरून फिरतं, खाली ढोल वाजतो आणि शेवटी सी हेदी समुद्राकडे बघत उभा. समुद्राला काय विचारतोय कोण जाणे. पण चार हजार लोकांनी बघितला. आपला पोस्टमन जिलानी, अजून मला मानाने लल्ला म्हणणारा, म्हणतो, "लल्ला बेया, आता लोक दारातून बाहेर बघत नाहीत, हातातल्या काचेत बघतात. त्या काचेत नसलात तर तुम्ही नाहीतच."

तू ट्युनिसला हाच धंदा करतेस ना, पुढाऱ्यांना फेसबुकवर बसवायचा? मग मलाही बसव. काय करायचं आणि किती वाजता, तेवढं लिही.

नारिंजाची झाडं फुलांनी वाकलीत. फुलांचं पाणी काढायची तांब्याची भट्टी घासून ठेवलीय. तुझ्या आईच्या वाटणीची बाटली, ती गेल्यापासून दरवर्षी देते तशी, तुला.

तुझी मावशी,
बेया


ट्युनिस
९ एप्रिल

मावशे!

हसले. मग थोडी रडले, मग पुन्हा हसले आणि ऑफिसात सगळ्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. आमचे साहेब म्हणाले, ही बाई आपल्याला गिऱ्हाईक म्हणून का मिळत नाही? तुला उत्तर पाठवायला तिकीट हवं म्हणून मी अख्ख्या लाफायेत भागात हिंडले. शेवटी सापडलं ते एका म्हाताऱ्या वकिलाच्या टेबलाच्या खणात. हे तुझ्या मतदारांना कळू दे.

आता नीट ऐक. हे आम्ही मोठमोठ्या लोकांना सांगतो आणि तेही ऐकत नाहीत. व्हिडिओ एक मिनिटाच्या आत. भाषण करायचं नाही, घरात बोलतेस तसं बोलायचं. चेहरा उजेडाकडे. रोज ठरलेल्या वेळी काहीतरी टाकायचं. कुणाशी भांडायचं नाही. कॉमेंट आल्या तर एक-दोघांना उत्तर दे, बाकीच्यांना लाइकचा अंगठा दाखवलास तरी चालतं. सगळ्यांना उत्तरं देत बसलीस तर दिवस पुरणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची गर्दी. माणूस गर्दी बघून थांबतो. रिकाम्या दुकानात तळलेली ब्रिक खायला कोणी जात नाही, रांग दिसली की भूक नसलेलाही उभा राहतो.

तुझं पेज मी इथून तयार केलंय. किल्ली दोघींकडे असेल. माझा जुना मोबाईल येत्या शुक्रवारी लुआजच्या शेअर गाडीने पाठवतेय. पाकिटाला तिकीट नाही म्हणून गाडीवाल्याशी भांडू नकोस, ते पार्सल आहे.

तुझी,
आम्ना


ऐन तुफ्फाह
१६ एप्रिल

प्रिय आम्ना,

मोबाईल मिळाला. गाडीवाल्याशी भांडले नाही, पण बोलले.

शनिवारी प्रचार सुरू झाला आणि त्याच सकाळी आठला मी फेसबुक उघडलं. वर पाटी लावली, तू बघितली असशीलच: "खिडकी क्रमांक एक. वेळ सकाळी आठ ते बारा. नाव, वडिलांचं नाव, गल्ली आणि काम लिहावं. आलेल्या क्रमाने उत्तर मिळेल. मध्ये घुसणाऱ्याला मिळणार नाही."

पहिल्या दिवशी नऊ जण आले. त्यांतले तिघे नुसतेच माझी तब्येत विचारायला. त्यांना लिहिलं, हे खिडकीवरचं काम नाही, घरी या, कॉफी पाजते. चौथ्या क्रमांकावर बेकरीवाला नूरी. त्याच्या दुकानासमोर गटाराचं झाकण फुटलंय. मी उठून जाऊन बघून आले. झाकण पूर्वेकडून फुटलंय आणि ते नगरपालिकेचं नाहीच, पाणी खात्याचं आहे. झाकणाचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, कुठल्या कचेरीत, कुठल्या टेबलावर, कुठल्या वारी जायचं. चौतीस वर्षांत एवढं तरी शिकलेय.

व्हिडिओही केला. तू म्हणालीस घरात बोलतेस तसं बोल, म्हणून मोबाईल हरिसाच्या चटणीच्या बरणीला टेकवून ठेवला आणि भट्टी लावली. एक मिनिटात कसं व्हायचं, पोरी? पहिला थेंब पडायलाच पाऊण तास लागतो. सगळं सत्तेचाळीस मिनिटांचं झालं. मध्ये जिलानी येऊन गुडघ्यांबद्दल बोलून गेला, तेही त्यात आहे. बावीस जणांनी बघितलं.

ठीक बाराला "खिडकी बंद" लिहिलं, मोबाईल बंद केला आणि कपाटात ठेवला. जेवून झोपले. तुमचं काम काही फार अवघड दिसत नाही.

बेया


ट्युनिस
१९ एप्रिल

मावशे, मावशे, मावशे,

फेसबुक बंद होत नसतं! तू झोपलेली असतेस तेव्हाही लोक तिथे असतात. दुपारी एकाने लिहिलं, "कोणी आहे का?" आणि त्याच्यावर तुझी पाटी: खिडकी बंद. मी डोक्याला हात लावला. आमच्याकडचा एक पुढारी दिवसातून अकरा वेळा झळकतो, आणि माझी मावशी बाराला कुलूप लावते.

आणि सत्तेचाळीस मिनिटं! साहेबांनी सगळा बघितला. म्हणाले, शेवटी थेंब पडला तेव्हा मी टाळी वाजवली. मग मला म्हणाले, पण याने मतं मिळत नाहीत.

नूरीच्या झाकणाचं मात्र छान केलंस.

बाकी हिंमत सोडू नकोस. काल बघ, चौदा नवी माणसं आलीत तुझ्या खिडकीवर. कोणी कप्तान लमीन, कोणी मब्रूका, कोणी मास्तर. सगळे तुझी तोंडभरून स्तुती करतायत. गर्दी दिसायला लागली की खरी गंमत सुरू होते. तू नुसती बघ.

तुझी,
आम्ना


ऐन तुफ्फाह
२४ एप्रिल

प्रिय आम्ना,

इथे काय चाललंय त्याची तुला तिथे बसून कल्पना येणार नाही.

नूरीचं झाकण बसलं! पाणी खात्याच्या कारकुनाला कोणीतरी मोबाईल दाखवला, "तीनशे जण बघतायत, तुमच्या टेबलाचा नंबरही लिहिलाय." दुसऱ्याच दिवशी माणसं आली. नूरीने झाकणावर उभं राहून फोटो टाकला. आता रोज साठ-साठ क्रमांक होतात. कॉफीच्या दुकानात एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. जे काम होणार नाही त्याला मी होणार नाही असंच लिहिते. लोकांना त्याचाही राग येत नाही. एकाने सी हेदीच्या घारीच्या व्हिडिओखाली लिहिलं, "तुमची खिडकी किती वाजता उघडते?"

पण तू लिहिलंस त्या चौदा माणसांचं काय झालं ते ऐक आणि मग बोल.

नवीन राहायला आलेली दिसतात, गावात ओळख नाही, म्हणून मी चौदाही जणांना घरच्या पत्त्यावर पत्रं टाकली, फुलांचं पाणी न्यायला या म्हणून. चौदाच्या चौदा परत आली. जिलानीने प्रत्येकावर शिक्का मारलाय, पत्ता सापडला नाही. कप्तान लमीन राहतात म्हणे बंदर रस्ता, घर बावीस. बावीसला अंजिराचं झाड आहे, आम्ना! या गावातलं दारन् दार मला पाठ आहे, आणि मला कोणी झाडावर राहणारा कप्तान पाठवतं?

हे सी हेदीचं काम. आधी माझ्याकडे खोटी गर्दी घुसवायची आणि मतदानाच्या दोन दिवस आधी ओरडायचं, बघा, बेयाची माणसं खोटी. येत्या शुक्रवारी संध्याकाळी सांस्कृतिक भवनात सगळ्या याद्यांचे प्रमुख बोलणार आहेत. चौदा पाकिटं मी त्याच्यासमोर टेबलावर मांडणार. माझ्याकडे दुसरं काय आहे? ना हॉल, ना घार. माझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, तेवढंच. तो मी मातीत जाऊ देणार नाही.

फक्त एकतीस क्रमांकाचं मला उमगत नाही. मब्रूका, टाकीची गल्ली. तिने लिहिलंय, "मगरिबच्या नमाजानंतर मी गल्लीत पाऊल टाकत नाही. दिवा नाही. टाकीजवळच्या तिसऱ्या पायरीवर एकदा दुधाचं भांडं फुटलं आणि मनगटही. भांडं नवं आणता आलं." ते वाचून मला चष्मा पुसावा लागला. ती पायरी खरंच सैल आहे. खोटं माणूस इतकं खरं कसं लिहितं गं?

बेया


ट्युनिस
२६ एप्रिल, संध्याकाळ

मावशी,

दुपारी तुझं पत्र मिळाल्यापासून अकरा वेळा फोन केला. घरचा फोन तू उचलत नाहीस आणि मोबाईल कपाटात आहे. म्हणून हे उद्या सकाळच्या लुआजने पाठवतेय. मिळाल्याबरोबर उघड, भवनात जायच्या आधी.

सी हेदीने काही केलेलं नाही. ती चौदा माणसं मी बनवली.

पहिल्या दिवशी तुझ्याकडे नऊच जण आलेले बघून मला कसंतरी झालं. आमच्याकडे हे सर्रास चालतं. रिकाम्या पेजवर चार-सहा बोलके लोक सोडतात, त्यांच्या मागून खरे येतात. मला वाटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, मग गुपचूप पुसून टाकीन. तू त्यांना घरी बोलवशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुठला पुढारी कॉमेंट करणाऱ्याच्या दारात पत्र पाठवतो?

तेरा जणांची स्तुती मी अर्ध्या तासात खरडली. मब्रूकाजवळ आले तेव्हा काही सुचेना. मग आईचं आठवलं. ते शेवटचं वाक्य तिचंच आहे. हाताला प्लास्टर होतं आणि ती हसून सांगायची, भांडं नवं आणता आलं.

मी स्वतः यायला हवं होतं. हिंमत झाली नाही. तू मला काहीही बोल, पण त्या माणसाला उद्या काही बोलू नकोस.

आम्ना


ऐन तुफ्फाह
२८ एप्रिल

आम्ना,

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी चारला आलं. मी ते उघडलं नाही.

पाकिटावर तिकीट नव्हतं. चौतीस वर्षं मी बिनतिकिटाचं पत्र कोणाच्या हातात दिलं नाही, गव्हर्नरच्या भावाच्याही नाही. स्वतः कसं घेणार? गाडीवाला म्हणाला, "लल्ला, मुलगी रडवेली होती." मी म्हटलं, "मग तिने तिकीट लावून रडायचं." जिलानीला ते वजन करून ठेवायला सांगितलं, उद्या सकाळी दंड भरून सोडवून घेईन म्हणाले. आणि नवा स्कार्फ बांधून भवनात गेले. माझ्या नियमांनी माझं नाक कसं कापलं ते आता ऐक.

भवन खच्चून भरलं होतं. मी चौदा पाकिटं एकेक करून टेबलावर मांडली. प्रत्येक पत्ता वाचला. अंजिराच्या झाडाला लोक पोट धरून हसले. मग मी सी हेदीकडे बोट केलं आणि म्हटलं, ही पिलावळ याची. टाळ्या थांबेनात. तो उठला. म्हणाला, "लल्ला बेया, मी खोटी माणसं कशाला बनवू? खरी माणसं माझ्या हॉलमध्ये जेवून बाहेर पडताना मटण कमी होतं म्हणतात, तेवढी मला पुरतात." पुन्हा हशा झाला. पण त्याचा चेहरा उतरला होता आणि पुढच्या रांगेत त्याची बायको मान खाली घालून बसली होती. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढून टाकला, तो रात्रीत सहा हजारांनी बघितला. माझा पहिलाच व्हिडिओ गाजला आणि तोच खोटा.

आज सकाळी टपालाची खिडकी उघडल्याबरोबर दंड भरला आणि तिथेच, टपाल कचेरीच्या बाकावर, तुझं पत्र वाचलं. जिलानीने पाणी आणून दिलं. आधी तुझा राग आला, असा की तू समोर असतीस तर कान पिळला असता. मग स्वतःचा आला.

आठच्या ऐवजी पावणेनऊला फेसबुक उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खिडकीला उशिरा पोहोचले. लिहिलं ते असं:

"क्रमांक एक. नाव बेया, टपाल कचेरीची गल्ली. तक्रार स्वतःविरुद्ध. ती चौदा माणसं सी हेदीने बनवलेली नाहीत. ती माझ्या घरातल्या माणसाने बनवली, म्हणजे माझ्याच घरातून आली. मी न विचारता, न तपासता एका माणसावर भर सभेत आळ घेतला. माफी मागायला मी आज त्याच्या घरी जातेय. ज्यांना माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही त्यांचं बरोबर आहे. खिडकी आज बंद."

मग बाटली घेऊन सी हेदीकडे गेले. तो सपाता घालून दारात आला. मला आत घ्यायला बाजूला झाला. त्याच्या बायकोने कॉफी केली आणि माझ्याच बाटलीतलं फुलांचं पाणी तिच्यात घातलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तो म्हणाला, "तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. माझ्या मुलाने ती घार उडवून चार हजार माणसं गोळा केली. त्यातल्या एकाशीही मी बोललो नाही."

आता तुझं. तेरा जणांना आजच्या आज पुसून टाक. मब्रूकाला ठेव. तू पंधरा वर्षांची असशील, तुझी आई उजव्या हाताला प्लास्टर घालून माझ्या खिडकीवर आली होती. डाव्या हाताने लिहिलेलं नगरपालिकेच्या नावाचं पत्र, टाकीच्या गल्लीत दिवा लावा म्हणून. शिक्का मी मारला, पोच मी दिली. नंतर सहा महिने ती रोज विचारायची, "बेया, आलं का काही?" मग विचारायची बंद झाली. मब्रूका खोटी आहे, पण तक्रार माझ्या बहिणीची आहे. काम होईपर्यंत माझ्या खिडकीवरून तक्रार काढली जात नाही.

बेया


ट्युनिस
३० एप्रिल

मावशी,

तू "माझ्या घरातलं माणूस" लिहिलंस आणि नाव लिहिलं नाहीस. ते वाचून मी खाली माझ्याच नावाने लिहिलं: "ते माणूस मी. आम्ना, झकियाची मुलगी. मावशीला काही माहीत नव्हतं." साहेब मागे उभे होते. म्हणाले, हे टाकलंस तर आपली गिऱ्हाईकं पळतील. मी टाकलं.

शिव्या बसल्या, त्यातल्या काही अगदी मापात शिवलेल्या. पण बाकीचं वाचलंस का? बंदर रस्त्यावरच्या लोकांनी अंजिराच्या झाडाचा फोटो काढून खाली लिहिलंय, "कप्तान घरी नाहीत, फळं देऊन जाईन म्हणालेत." न्हावी उस्मानला वाईट वाटलंय. तो विधुर आहे ना? त्याने विचारलंय, मब्रूका नक्कीच नाही का, कारण तिचा स्वभाव त्याला आवडला होता. आणि एका बाईने लिहिलंय, "माझ्या नवऱ्याने तीस वर्षांत एकदाही चूक कबूल केली नाही, मी बेयाला मत देणार."

सी हेदीनेही तुझ्या माफीखाली अंगठा दाखवलाय. त्याच्या एका अंगठ्याला एकोणीसशे अंगठे आलेत.

तेरा जणांना पुसलं. पुसताना कप्तानासाठी थोडं वाईट वाटलं.

रविवारी मत द्यायला येतेय. कान पिळायचा असेल तर डावा पिळ, उजव्यात नवी कुडी आहे.

आम्ना


ऐन तुफ्फाह
१० मे

प्रिय आम्ना,

रविवारी तू संध्याकाळची गाडी पकडलीस आणि निकालाला थांबली नाहीस. मीच थांबू नकोस म्हणाले होते, तरी चुकल्याचुकल्यासारखं झालं.

बारा जागांत सी हेदीला पाच, आपल्याला चार, उरलेल्या तीन इतरांना. लोक घरी येऊन चेहरा पाडून बसतात, मग मी हसतेय बघून गोंधळतात. चार म्हणजे काय थोड्या झाल्या? टपालपेटीवर एवढी माणसं शिक्का मारतील असं मला कुठे वाटलं होतं. खरं सांगू, त्या शनिवारच्या माफीआधी मतदान झालं असतं तर कदाचित सहा आल्या असत्या. पण त्या सहा घेऊन मी गल्लीतून चालले असते कशी?

नूरीने ब्रिकची परात पाठवली. जिलानीला दोन वाढल्या, तेवढ्यापुरते गुडघे दुखायचे थांबले.

पुढच्या आठवड्यात रोजे लागतील. फुलांच्या पाण्याची तुझी बाटली कपाटात आहे, मोबाईलच्या शेजारी. ईदला येऊन घेऊन जा.

बेया


ऐन तुफ्फाह
२१ जुलै

प्रिय आम्ना,

नगराध्यक्ष सी हेदी झाला, सात विरुद्ध पाच. निकाल लागल्यावर तो माझ्या खुर्चीपाशी आला आणि म्हणाला, "लल्ला बेया, खुर्ची माझी, खिडकी तुमची." नगरपालिकेचं फेसबुकचं पेज आता माझ्या हाती आहे. शिवाय खालच्या मजल्यावर एक खरी खिडकी काढून दिलीय, ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी. वर पाटी तीच. आठ ते बारा.

परवा काय झालं ते वाचलंस का? क्रमांक त्र्याहत्तर. "हेदी, लग्नाच्या हॉलची गल्ली. मी नगराध्यक्ष आहे. मला रांगेत का उभं केलंय?" मी लिहिलं, "कारण तुमच्या पुढे बाहत्तर जण आहेत." आख्ख्या गावाने अंगठे दाखवले. त्यानेही. त्या माणसाला आता युक्ती कळलीय, मुद्दाम रांगेत येतो. घार विकून टाकली म्हणे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते.

पहिल्याच बैठकीत मी एकतीस क्रमांक काढला. एक जण म्हणाला, अहो, ती बाई अस्तित्वातच नाही. सी हेदी म्हणाला, "पायरी आहे ना?" बाराही हात वर गेले. काल पायऱ्या नव्याने बसवल्या आणि आज मगरिबला दिवा लावला. गल्लीतली सगळी बाहेर आली होती. न्हावी उस्मान इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, उगीच आपलं, न जाणो. माझ्या हातून बटण दाबवलं. मी तिसऱ्या पायरीवर उभी राहिले, पाय घट्ट रोवून. पायरी हलली नाही. मग मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. लोकांना वाटलं म्हातारी दमली.

झकियाच्या पत्राची पोच मी तिला दिली होती. उत्तर आज लिहिलं, खिडकीवर, सगळ्यांसमोर: "क्रमांक एकतीस. मब्रूका, टाकीची गल्ली. दिवा लागला. पायरी पक्की आहे. एकोणीस वर्षं उशीर झाला, त्याबद्दल माफी."

आता मब्रूकाला मोकळं कर.

बेया


ट्युनिस
२४ जुलै

मावशी,

मब्रूकाला आज पुसलं. पुसण्याआधी तुझ्या उत्तराखाली लिहिलं, तिच्या नावाने नाही, माझ्या: "पोच मिळाली. आम्ना, झकियाची मुलगी."

शनिवारी येतेय. मुद्दाम अंधार पडल्यावर पोहोचणारी गाडी घेतलीय, टाकीच्या गल्लीने चालत येईन. येताना कोपऱ्यावरून दूध आणते.

आम्ना